मदत हवी आहे: पीकशास्त्राच्या तासाला रोग ओळखणारी ॲप, आणि नेटवर्क नसलेलं गाव

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे अकरावी-बारावीला पीकशास्त्र शिकवतो. ऑनलाइन साधनं वापरा अशी वरून सूचना आहे. व्हिडिओ घरी उतरवून पेनड्राइव्हनं टीव्हीवर दाखवतो, लाइन असली तर तेवढं जमतं. गृहपाठाचं मात्र कठीण आहे. घरात मोबाइल एकच, तो बाबांसोबत वावरात जातो. सोयाबीनची सोंगणी अन् कापसाची वेचणी सुरू झाली की अर्धा वर्गही वावरातच असतो (विषय पाहता तक्रार तरी काय करणार!).

खरी काळजी फोटोवरून रोग सांगणाऱ्या ॲपची आहे. पोरांना ती फार आवडतात. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) लाल पडलेल्या पानाचा फोटो काढला, तर एका मोबाइलवर बुरशी निघाली, दुसऱ्यावर अन्नद्रव्याची कमतरता. पान उलटून पाहिलं तर मागे तुडतुडे, म्हणजे रस शोषणारी कीड. लाल्या (कापसाची पानं लाल पडणं) मॅग्नेशियम कमी पडल्यानं येतो, रात्रीच्या थंडीनं येतो, तुडतुड्यांनीही पान कडेनं लाल होतं. फोटोत सगळं सारखंच दिसतं. वर ॲप औषधाचं नावही सांगतं. पोरगं ते घरी सांगतं, बाबा कृषी सेवा केंद्रात जाऊन तोच डबा मागतात. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथं सर्वांना माहीत आहे.

ॲप बंद करावं असं वाटत नाही. पण त्याचं उत्तर वर्गात तपासायची पद्धत कुणी बसवली आहे का? आणि नेटशिवाय धडे देणारं कोलिब्री जुन्या लॅपटॉपवर चालतं का? आपला मराठी मजकूर त्यात टाकता येतो का? ‘मुलांना टॅब द्या’ हे उत्तर कृपया नको.

वऱ्हाडी मास्तर:
सर, कोलिब्री जुन्या लॅपटॉपवर चालते. हॉटस्पॉट सुरू करा, पोट्टे ब्राउझरमधून उघडतात, नेट लागत नाही. आपले पीडीएफ-व्हिडिओ टाकायचे तर आधी कोलिब्री स्टुडिओवर चॅनल बनवा लागते, त्याला नेट पाहिजे. तेवढं तालुक्याला बसून करून घ्या.

ॲप आमच्याकडे सगळ्यात शेवटी उघडते. आधी वहीत लिहायचं: लाली खालच्या पानांवर की शेंड्याच्या, शिरा हिरव्या आहेत का, पानामागं कीड आहे का, सगळं वावर लाल आहे की एक पट्टाच. मॅग्नेशियम कमी असलं तर जुनी, खालची पानं आधी लाल होतात अन् शिरा हिरव्या राहतात. मग बाजूला ॲपचं उत्तर. जुळलं नाही तर त्या दिवशीचा तास त्यावरच. औषधाचं नाव आलं की अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस काढून पाहायची, त्या पिकावर त्या किडीसाठी ते आहे का. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही ओळखायला लावतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल.

धागाकर्ता:
वहीचं पटलं, उद्यापासूनच सुरू करतो. हॉटस्पॉटवर एकावेळी किती मोबाइल जोडता येतात?

वऱ्हाडी मास्तर:
विंडोजच्या हॉटस्पॉटवर ८. जास्त पाहिजे असतील तर कुणाकडला पडून असलेला वायफाय राउटर लावा, त्याला इंटरनेट नसलं तरी चालते.