मदत हवी आहे: गोष्ट एकच, सांगणारे दोन

पुढच्या रविवारी ताईचा साखरपुडा. ‘हे दोघं भेटले कसे’ ते पाच मिनिटांत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पंचाईत अशी की दोघांच्या आठवणी जुळतच नाहीत. ताई म्हणते, लिफ्टमध्ये तोच आधी बोलला. होणारे भावोजी शपथेवर सांगतात, हिनेच छत्री मागितली. (ती छत्री अजून आमच्याकडेच आहे, एक काडी मोडलेली!) पुढे दोन वर्षं मैत्री, मग कडाक्याचं भांडण, महिनाभर अबोला. शेवटी भावोजींनी बसस्टॉपवरच लग्नाचं विचारलं, अंगठी मात्र घरीच विसरले.

भांडण सांगू की गाळू? मला तोच भाग खरा वाटतो, पण समोर सासरची मंडळी असणार. आणि सुरुवात कोणाच्या बाजूने करू? कुणी असं बोललं असेल तर सांगा ना, प्लीज.