तरण तलावातून खुल्या पाण्यात: नाशिकमध्ये सराव कोठे करावा?

गंगापूररोडकर: नमस्कार. माझे वय 42 असून गेली 3 वर्षे मी सावरकर जलतरण तलावात नियमित पोहतो. न थांबता 1 किलोमीटर अंतर आता जमते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेत एकदा तरी उतरावे अशी इच्छा आहे. परंतु खुल्या पाण्यात मी आजवर पोहलेलो नाही. सराव कोठे करावा? गंगापूर धरण जवळ आहे, म्हणून विचारतो.

पंचवटीकर: धरणाचा विचार सोडावा. ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे धरण आहे. परवानगीशिवाय तेथे उतरू नये. गोदावरीत गाळ आणि पाणवेली आहेत, आणि पावसाळ्यात शहरात ऊन पडलेले असले तरी धरणातून विसर्ग सुरू असल्यास पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर चढते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शेततळे तर सर्वांत फसवे: पाणी संथ दिसते, पण प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही.

विहिरीतला बेडूक: वरील मताशी सहमत आहे. आपल्या 1 किलोमीटरविषयी मात्र थोडी शंका घेतो, राग नसावा. तलावात प्रत्येक फेरीअखेर भिंतीला पाय रेटून जो वेग आणि जी क्षणभराची उसंत मिळते, ती खुल्या पाण्यात नसते. म्हणून भिंतीपासून 2 मीटर अलीकडेच वळावे, मध्येच थांबून उताणे तरंगावे आणि दर 8-10 हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरची एखादी खूण पाहावी. तळाची काळी रेघ नसली की माणूस नकळत एका बाजूला सरकत जातो. त्यानंतर पायऱ्यांच्या मोठ्या विहिरीत, मालकाच्या संमतीने आणि काठावर जाणता माणूस ठेवून, मार्च-एप्रिलमध्ये उतरावे. थंडीत नको, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते.

गंगापूररोडकर: आभारी आहे. तळ दिसत नसताना छातीत धडधडते, त्याचे काय करावे?

विहिरीतला बेडूक: धडधड होणारच. त्या वेळी हात न मारता उताणे होऊन श्वास लांब सोडत राहावे; तो लयीत आल्यावरच पुढे निघावे. समुद्रात खारे पाणी अंग अधिक उचलते, त्यामुळे विहिरीत जमले तर तेथे हलके वाटेल. तेथे कमरेला दोरीने बांधायचा नारिंगी फुगा वापरावा. आम्ही लहानपणी बांधत होतो त्या भोपळ्याचाच हा नातू. पण भोपळा आम्हांला तरंगवण्यासाठी होता, आणि हा फुगा मुख्यतः होडीवाल्याला आपण दिसावे म्हणून आहे.