क्वांटम डॉटला मराठीत काय म्हणायचं? पुंजबिंदू की ठिपका?

भाषांतरवाली: क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे अतिसूक्ष्म कण, वापरून कॅन्सरच्या पेशी कशा ओळखतात यावरचा लेख मराठीत करतेय. मी 'पुंज-ठिपके' लिहिलं, आईला वाचून दाखवलं तर पहिला प्रश्न, हे दिलं की अंगावर ठिपके उठतात का! तपासणारे म्हणतात 'पुंजबिंदू' करा. पण बिंदूला लांबी-रुंदी नसते असं शाळेत घोकलंय आणि इथे तर सगळा खेळच आकाराचा, कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरच्या आसपास असला की निळा चमकतो, ६ च्या आसपास गेला की लाल, पदार्थ तोच. मग बिंदू कसं चालेल?

निवांत: पुंज म्हणजे ढीग ना? तारकापुंज वगैरे. ढिगाचा ठिपका, काही अर्थ लागतोय का 😄 सरळ क्वांटम डॉट लिही. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच होतं, बावेंडी, ब्रुस, येकिमोव.

जुना_मास्तर: ढीग नव्हे हो. ऊर्जा सुटी न मिळता गठ्ठ्यागठ्ठ्याने मिळते म्हणून पुंज, पुंज सिद्धांत आम्ही मराठीतूनच शिकलो. बिंदूही बरोबर. इलेक्ट्रॉन एका दिशेने कोंडला की विहीर, दोन दिशांनी की तार, तिन्हीकडून कोंडला की बिंदू. भूमिती कशाला मध्ये आणता, जलबिंदूला आकार नसतो?

पिपेटवाला: लॅबमध्ये 'डॉट्स टाकले का' एवढंच बोलतो आम्ही, पुंज कोणी काढला तर सगळे वळून बघतील. ताई, नावापेक्षा क्रियापद बघा. डॉट काही 'ओळखत' नाही, त्याला चिकटवलेली अँटीबॉडी (ठरावीक खुणेलाच जाऊन चिकटणारं प्रथिन) ओळखते, डॉट नुसता दिवा. १९९८ मध्ये दोन गटांनी हे पेशींत करून दाखवलं, नेहमीचे रंग प्रकाशात लवकर विझतात, हे बराच वेळ टिकतात, शिवाय एकाच अतिनील दिव्याखाली वेगवेगळ्या आकाराचे डॉट एकदम वेगवेगळ्या रंगात दिसतात. आणि आईंना सांगा, माणसाला हे रोजच्या उपचारात देत नाहीत. कॅडमियम विषारी, झिंक सल्फाइडचं कवच घातलं तरी धाकधूक राहतेच. बरंचसं काम काचपट्टीवर नाहीतर उंदरांत.

भाषांतरवाली: अय्या, मी 'ओळखतात' सहा ठिकाणी लिहिलंय. बदलते. पण शीर्षक?

जुना_मास्तर: पुंजबिंदू. आणि नॅनो काढून अब्जांश करा.

निवांत: अब्जांश वाचून लोक शून्यं मोजत बसतील, नॅनो लहान पोरालाही कळतं.

जुना_मास्तर: कळतं म्हणजे ऐकलेलं असतं. अब्जांशात माप शब्दातच आहे.

शेंडेफळ: मध्येच विचारते, ट्यूमरला अर्बुद म्हणतात आणि जुन्या मोजणीत अर्बुद ही संख्या पण आहे, ते पेशी बेसुमार वाढतात म्हणूनच ना?

पिपेटवाला: गाठ, सूज असा अर्थ असणार, त्यावरून संख्या आली असेल. अर्बुद म्हणजे दहा कोटी.

जुना_मास्तर: एक कोटी. वैदिक यादी बघा.

पिपेटवाला: भास्कराचार्यांची बघा, दहा कोटी.