२००० मीटर एर्ग ८:१२ वर अडकलंय, ७:५० पर्यंत कसं न्यावं?

गोदेची_लाट
नमस्कार. वय १६, उंची १७० सेंमी, वजन ६० किलो, नाशिक. कॉन्सेप्ट२च्या एर्गवर (घरात वल्हवायच्या रोइंग मशीनवर) २००० मीटरची वेळ ८:१२. दर ५०० मीटरचे स्प्लिट (तेवढ्या अंतराला लागलेली वेळ) १:५६, २:०२, २:०८, २:०६. डॅम्पर (पंख्यात येणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) १० वर, रेट (मिनिटाला स्ट्रोक) ३४ ते ३६. तीन सकाळी बोटीत असते, इतर तीन दिवस संध्याकाळी एर्ग, आणि एर्गवर बसले की २००० पूर्ण ताकदीने मारते. निवड चाचणीला १२ आठवडे आहेत. मधल्या हजारात पाय उचलत नाहीत. काही जणी म्हणतात वजन ५७ वर आण, वेळ आपोआप सुधारेल. नक्की काय बदलू?

वल्हंकरी
आधी आकडे बघू, कारण त्यातच बरंचसं उत्तर आहे. एर्गवर वॅट्स वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. ८:१२ म्हणजे सरासरी २:०३ चा स्प्लिट, साधारण १८८ वॅट. ८:०० ला २०३ वॅट लागतात आणि ७:५० ला २१६. म्हणजे ७:५० साठी ताकद जवळपास १५ टक्के वाढायला हवी. बारा आठवड्यांत ८:०० धर. ७:५० पुढच्या हंगामाचं लक्ष्य ठेव.

तुझं पहिलं ५०० म्हणजे २२४ वॅट आणि तिसरं १६७. तेवढंच एकूण काम एकसारख्या स्प्लिटने केलं असतंस तर निव्वळ गणिताने एकच सेकंद वाचला असता. खरं नुकसान शरीरात होतं. पहिल्या दहा-बारा सेकंदांत स्नायूंतल्या तयार साठ्यावर वेग फुकट मिळतो, त्याच्या भरवशावर तू दीड-दोन मिनिटं ओढतेस, आणि मग उरलेली सहा-साडेसहा मिनिटं त्या साचलेल्या थकव्यासकट काढावी लागतात. २००० मीटरची तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवर तयार होते. ती बाजू वाढवायची तर लांब आणि हळू काम लागतं. रोजचे २००० म्हणजे रोजची परीक्षा, अभ्यास कधीच नाही.

डॅम्पर १० वर ठेवून ताकद वाढत नाही. त्याने फक्त पंख्यात जास्त हवा येते, चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक कॅचला (स्ट्रोकच्या सुरुवातीला) जड चाक पुन्हा पळवावं लागतं. कंबर तिथेच जाते. डॅम्परचा आकडा न बघता ड्रॅग फॅक्टर (चाकाला हवेचा खरा अडथळा किती, तो आकडा) बघ. मॉनिटरवर मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर उघड, दहा स्ट्रोक मार, आकडा दिसेल. तुझ्या वजनाला १०५ ते ११५ पुष्कळ झाला. स्वच्छ मशीनवर तो साधारण ३-४ ला येतो. पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली असेल तर त्याच डॅम्परला ड्रॅग कमी पडतो, म्हणून दुसऱ्या मशीनवरचा डॅम्परचा आकडा उपयोगाचा नसतो.

कॅच_फिनिश
वरचं सगळं बरोबर. मला रेट खटकतोय. २:०३ ला ३५ रेट म्हणजे एका स्ट्रोकला जेमतेम ७ मीटर. हेच ३० रेटला २:०० ने केलंस तर स्ट्रोकमागे ८.३ मीटर पडतात आणि पूर्ण शर्यतीत जवळपास ४५ स्ट्रोक वाचतात. तू स्ट्रोक अर्धवट सोडून पुढे धावतेस असं दिसतं.

मोबाइल हँडलच्या उंचीवर, अगदी बाजूने ठेव आणि २० रेटला एक मिनिट चित्रण कर. तीन जागा बघ. कॅचला नडग्या उभ्या आहेत का. गुडघे टाचांच्या पुढे जाऊन सीट टाचांना टेकत असेल तर जास्त दाबली जातेस. पाय ढकलताना सीट आणि हँडल एकदमच हलतात का. सीट आधी निसटून हँडल जागेवर राहिला तर पायांची ताकद साखळीपर्यंत पोचतच नाही. आणि परतताना हात गुडघ्यांपुढे गेल्यावरच गुडघे वाकतात का. नाही तर हँडल गुडघ्यांवरून उचलावा लागतो. क्रम पाय, पाठ, हात. परतताना हात, पाठ, पाय.

मॉनिटरवर फोर्स कर्व्ह (स्ट्रोकभरातल्या जोराचा आलेख) लाव. एकच भरीव टेकडी दिसली पाहिजे. मध्ये खळगा पडत असेल तर पाय संपले आणि पाठ उशिरा लागली असं समज. उपाय: दर वॉर्म-अपमध्ये ५ मिनिटं फक्त पायांनी, हात सरळ आणि पाठ पुढे झुकलेलीच ठेवून. मग ५ मिनिटं पट्टे सोडून. पट्टे नसताना फिनिशला (स्ट्रोकच्या शेवटी) पाय फळीवरून सुटले तर तू जास्त मागे झुकतेस किंवा दाब लवकर सोडतेस. एरवी पट्टा पायाच्या सगळ्यात रुंद भागावर, अंगठ्यामागच्या उंचवट्यावर यायला हवा.

गोदेची_लाट
धन्यवाद! मग आठवडा कसा लावू? ८ x ५०० (५०० मीटर आठ वेळा) आठवड्यातून दोनदा करते असं एकीने सांगितलं.

वल्हंकरी
बोटीतल्या तीन सकाळींसोबत दोनदा जास्त होईल. पहिले सहा आठवडे तीन एर्ग संध्याकाळी अशा ठेव:

एक दिवस ३ x १५ मिनिटं, १८ ते २० रेट, २:२२ ते २:२६, मध्ये ३ मिनिटं उठून चालायचं. एका दमात ४५ मिनिटं बसू नकोस. सलग अर्ध्या तासाच्या पुढे थकलेली पाठ गोल होते आणि कंबरदुखीची सुरुवात तिथेच होते. स्ट्रोक मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. २:१५ वर जायचा मोह होईल, पण तसं केलंस तर मधल्या दिवसाचं काम बिघडतं.

दुसऱ्या दिवशी ३ x १० मिनिटं, २४ रेट, २:१२ च्या आसपास, मध्ये ४ मिनिटं.

तिसऱ्या दिवशी एका आठवड्यात ८ x ५०० (विश्रांती साडेतीन मिनिटं, सुरुवात २:०२) आणि पुढच्यात ४ x १००० (विश्रांती ५ मिनिटं, २:०५), आलटून पालटून. नियम एकच: पहिला तुकडा कधीच सगळ्यात वेगवान नसावा. शेवटचा असावा. पहिले सात २:०२ नी झाले आणि आठवा १:५८ ला गेला, तर पुढच्या वेळी २:०१ ने सुरू कर.

सहाव्या आठवड्यानंतर एकदाच १००० ची चाचणी घे. पूर्ण २००० पुन्हा थेट दहाव्या आठवड्यात. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं, वेग तोच.

पाण्यावरची_ताई
वजनाचं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. ५७ वर अजिबात जाऊ नकोस. एर्गवर तुझं वजन सीट पेलते, हलकं होऊन तिथे काहीच मिळत नाही. उलट स्नायू गेले की वॅट्स जातात. हलक्या वजनाचा गट पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधूनही गेला. सोळाव्या वर्षी हाडं अजून भरत असतात आणि रोइंगमध्ये बरगडीला तडा जाण्याची दुखापत नेहमीची आहे. कमी खाऊन जास्त सराव केला तर ती शक्यता वाढते.

पाळी सलग तीन महिने आली नाही तर सराव पुढे रेटू नकोस, डॉक्टरांना दाखव. वेळ कारण नसताना बिघडत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. मुलींमध्ये बरेचदा लोह कमी असतं आणि दम लागण्याचं खापर सरावावर फुटतं. एर्गच्या दीड-दोन तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी, नंतर तासाभरात भाकरी, उसळ, दही किंवा अंडी. नाशिकच्या एप्रिलमध्ये बंद खोलीत एर्ग करायचं तर समोर पंखा हवाच. उकाड्याने अंग तापलं की त्याच मेहनतीला स्प्लिट बिघडतो आणि तू उगाच घाबरशील. झोप आठ तासांच्या खाली नको.

गोदेची_लाट
ताई, घरी हे वाचून दाखवते. शेवटचं विचारते, चाचणीला मशीन वेगळं असेल, तेव्हा काय बघायचं?

कॅच_फिनिश
लवकर पोच. ड्रॅग फॅक्टर लावून घे, फूटस्ट्रेचरचं (पाय ठेवायच्या फळीचं) भोक तुझ्या सवयीच्या नंबरावर आण (तो आजच लिहून ठेव). मोनोरेल (सीट सरकते तो दांडा) पुसलेली नसेल तर पुसून घे, सीट अडखळते. हँडल ढिला परत येत असेल तर आतला रबरी दोर सैल आहे. लगेच सांगून मशीन बदलून माग.

वॉर्म-अप १५ मिनिटं, त्यात शर्यतीच्या वेगाचे १०-१० स्ट्रोक तीनदा, आणि सुरुवातीच्या ५ मिनिटं आधी संपव. पहिले पाच स्ट्रोक जोरात, पंधराव्या स्ट्रोकपर्यंत आकडा २:०० वर आणून ठेव. मॉनिटर १:५२ दाखवेल आणि सोपंही वाटेल, तरी तो वेग सोड. ५०० चे तुकडे २:००, २:०१, २:०१, १:५८ असे बांध, रेट ३०. तिसऱ्या ५०० मध्ये रेट वाढवून वाचायचा प्रयत्न करू नकोस, फक्त पायांचा दाब धर. शेवटच्या ३०० ला रेट ३२, मग ३४, पण परतताना गुडघे वाकायच्या आधी पाठ पुढे गेलीच पाहिजे, नाही तर रेट वाढतो आणि स्प्लिट तिथेच राहतो.