आइस हॉकी जिंकली म्हणून माणसं कपड्यासकट कारंजात? खरंय का हे राव

औसा_रोड_लातूर

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण विचारतोच. माझा भाचा फिनलंडला शिकायला गेलाय, एस्पो म्हणून गाव आहे, हेलसिंकीला एकदम खेटून. त्यानं काल घरच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ टाकला, त्यांची आइस हॉकीची टीम वर्ल्ड चॅम्पियन झाली त्या रात्रीचा. मधे एका बाईचा पुतळा, खाली कारंजं, आन त्या कारंजात माणसं बुटासकट उड्या मारायलेत. एक गडी तर थेट पुतळ्याच्या खांद्यावर. अंगात निळेपांढरे टीशर्ट, कुणीबी कुणाच्याबी गळ्यात पडायलंय, पोलीस बाजूला उभे राहून बघायलेत आन काठी काय उचलंना गेलेत.

आमचे थोरले दादा लगेच लिहिले, "पाणी जास्त झालंय त्यांना." आता लातूरचा माणूस पाण्यावरूनच बोलणार म्हणा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा आमच्याकडं अंघोळीची बादली मोजून मिळायची, आन हे कार्टे मे महिन्यात पाण्यात डुंबायलेत. त्यावरून भाचा चिडला, दादा चिडले, ग्रुपवर दोन दिवस गुड मॉर्निंगसुद्धा बंद.

तर कुणाला माहीत असंल तर सांगा, एवढं काय आहे ह्या खेळात? आन फिनलंडवाले लई अबोल असतात मनतात, मग हे असं कामून? खेळबी समजावून सांगा जमलं तर, मी एक मॅच लावून बघितली, मला तर ती चकतीच दिसंना गेली.

गुलमंडी_गँग

त्यात काय विचारायचं भाऊ, २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्डकप आला त्या रात्री दादांना क्रांती चौकात आणायचं होतं. गाडीच्या टपावर पोरं, सायलेन्सर काढलेल्या बुलेट, फटाके, एक जण तर घरून ढोल घेऊन आलेला आन त्याला वाजवता येत नव्हता. आपल्याकडं कारंजं असतं पण चालू नसतं, नाहीतर आपण काय सोडलं असतं का.

परभणीकर_सध्या_हेलसिंकी

मी इथंच आहे बरेच वर्षं झाले, त्यामुळं सांगतो, जरा लांबंल.

तो पुतळा म्हणजे हाविस अमांडा. १९०८ पासून बंदरावरच्या बाजार चौकात उभी आहे, भोवती चार सीलायन, त्यांच्या तोंडातून पाणी पडतं. मे डेच्या आदल्या संध्याकाळी कॉलेजची पोरं तिला धुऊन पुसून डोक्यावर पांढरी टोपी घालतात, ती जुनी रीत आहे. आन हॉकी जिंकली की लोकं कारंजात उतरतात. बोलावणं लागत नाही, पत्रिका लागत नाही, "चला बाजारात भेटू" एवढंच एकमेकाला टाकतात आन निघतात. हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलंय की जिंकलो म्हणायच्या ऐवजी लोकं बाजारात भेटू हेच म्हणतात. बाईवर चढून चढून मात्र तिची हालत खराब झाली, २०२३ मधे दुरुस्तीसाठी काढून न्यावी लागली. त्यामुळं भाच्याला सांगा, नाच पण खांद्यावर चढू नको.

आता एवढं कामून ते. फिनलंड आधी शेकडो वर्षं स्वीडनच्या ताब्यात, मग १८०९ पासून रशियाच्या, १९१७ ला मोकळा झाला. ह्या दोन्ही शेजाऱ्यांकडून हॉकीत ह्यांनी वर्षानुवर्षं मार खाल्ला. पहिलं वर्ल्ड टायटल आलं १९९५ ला आन तेबी कुठं, स्टॉकहोममधे, स्वीडनच्या घरात, फायनलला स्वीडनलाच ४-१. व्हिले पेल्टोनेननं त्यात तीन गोल केले. कळस म्हणजे फिनलंडचा कोच कुर्ट लिंडस्ट्रॉम स्वतः स्वीडिश! आन स्वीडनवाल्यांनी वर्ल्डकपसाठी आपलं एक गाणं करून ठेवलं होतं, ते ह्यांनी उचललं आन आजतागायत हेच गातात, त्यांच्याच भाषेत. म्हणजे वरात त्यांची, घोडा त्यांचा, नवरी घेऊन गेले हे. माझ्या ऑफिसात पन्नाशीतले लोक आहेत, १९९५ ला ते कुठं उभे होते, हातात काय होतं, सगळं सांगतात, लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारतात.

दुसरं आलं २०११ ला, परत स्वीडन, ६-१. त्यावेळी कप घेऊन विमानातून उतरताना गोलकीपरांचा कोच पासी नुरमिनेन कपासकट धडपडला, कपाला पोचा. टीव्हीवर लाइव्ह. सगळ्यांनी बघितलं आन कुणी रागावलंबी नाही, उलट त्याच्यावरच दोन आठवडे हसत होते.

भाच्यानं टाकलाय तो २०२२ चा असंल तर ती रात्र मी स्वतः बघितली. फायनल तांपेरेला होती, म्हणजे घरच्या मैदानावर, समोर कॅनडा. ३-१ नं पुढं होते आन शेवटच्या तीन मिनिटांत कॅनडानं दोन गोल ठोकले, ३-३. आमच्या बिल्डिंगमधे एकदम सन्नाटा, मग ओव्हरटाइममधे साकारी मान्निनेननं गोल मारला आन खालपासून वरपर्यंत सगळी दारं उघडली. माझ्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे फक्त कुकरची शिट्टी झाली की खाली येऊन दार वाजवायचे आन बोटानं वर दाखवायचे, बास. त्या रात्री परत दार वाजलं, मला वाटलं आता काय, आज तर खिचडीबी लावली नाही. आजोबा दारात, डोक्यावर सिंहाचं चित्र असलेली निळी टोपी, मला मिठीच मारली, बियरचा डबा हातात कोंबला आन गेले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमधे भेटले तर परत भिंतीकडं तोंड.

त्याच साली फेब्रुवारीत बीजिंगला ऑलिंपिक गोल्डबी मिळालेलं, फायनलला रशियन टीमला २-१, हॉकीत ह्यांचं पहिलंच ऑलिंपिक गोल्ड. पण फेब्रुवारीत कारंजात कोण उतरणार, थंडीनं मरतंय माणूस. मे असतो म्हणून हे सगळं जमतं, आन मे म्हणजे तुमचा लातूरचा मे नाही, दहा-बारा डिग्री असते रात्री.

वाचनालय_धाराशिव

वरच्या भाऊंनी मस्त लिहिलंय. मी फक्त भर टाकतो, मला ह्या विषयाचं जरा वेडच आहे.

दादांना लातवियाचं सांगा, नाव लातूरसारखंच आहे, लगेच जवळचं वाटंल. २०२३ ला हा देश वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे तिसरा आला, गोल्ड नाही, ब्राँझ! अमेरिकेला ओव्हरटाइममधे ४-३ नं हरवलं. त्याच रात्री त्यांच्या संसदेनं बैठक बोलावली आन दुसरा दिवस, सोमवार, सुट्टी जाहीर केली. आमदार-खासदार टीमचे शर्ट घालून सभागृहात. अख्ख्या देशाची लोकसंख्या १९ लाखाच्या आसपास, २०११ च्या जनगणनेत एकट्या लातूर जिल्ह्याची साडेचोवीस लाख होती. आता एवढ्याशा देशानं अमेरिकेला पाडलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून फायली कोण बघणार.

पण सगळेच जल्लोष असे गोड नसतात. मला सगळ्यात जास्त १९६९ चा प्राग आठवतो (म्हणजे वाचलेला, मी तवा जन्मलोबी नव्हतो). आदल्या वर्षी ऑगस्टमधे सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोवाकियात घुसलेले. पुढच्या मार्चला स्टॉकहोममधे वर्ल्ड चॅम्पियनशिप, आन चेकोस्लोवाकियानं रशियनांना एकदा नाही दोनदा हरवलं, २-० आन ४-३. २८ मार्चला दुसरी मॅच संपल्यावर गावोगावी लोकं रस्त्यावर. प्रागच्या वेन्सेस्लास चौकात एरोफ्लोट, म्हणजे सोव्हिएत विमान कंपनीचं ऑफिस होतं, ते लोकांनी फोडलं. काहीजण म्हणतात दगडं तिथं आधीच आणून ठेवली होती, मुद्दाम, कारवाईला निमित्त मिळावं म्हणून. ते काही असो, निमित्त मिळालं. एप्रिलमधे सुधारणा आणू बघणारे त्यांचे नेते दुबचेक गेले, मॉस्कोचं ऐकणारे हुसाक आले, आन पुढची वीस वर्षं सगळं गप.

आन गंमत म्हणजे ती चॅम्पियनशिप त्यांनी जिंकलीच नव्हती! तिघांचे पॉइंट सारखे झाले, गोलांच्या फरकावर गोल्ड सोव्हिएतला, चेकोस्लोवाकिया तिसरे. पण लोकांना त्याचं काय, ज्याला हरवायचं त्याला दोनदा हरवलं ना. मग १९९८ ला नागानो ऑलिंपिकच्या फायनलला चेक टीमनं रशियाला १-० हरवलं, डोमिनिक हाशेकनं एक गोल आत जाऊ दिला नाही, तवा प्रागच्या जुन्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, आन २०२४ ला प्रागमधेच स्वित्झर्लंडला २-० हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हाबी तेच. "उडी मारत नाही तो चेक नाही" असं ओरडत सगळा चौक एकदम उड्या मारतो, यूट्यूबवर बघा.

केजचा_गडी

सगळं वाचलं, छान आहे. पण माझी जरा वेगळी जळजळ आहे, लिहू का?

जानेवारी २०२५ ला दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्डकप झाला. आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं. कॅप्टन कोण, प्रियंका इंगळे, आमच्या केज तालुक्यातली, वाढली पुण्याकडं पण मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. खोखो! जो खेळ इथल्या प्रत्येक झेडपी शाळेच्या मैदानावर खेळलाय माणूस, गुडघे फोडून घेतलेत. बॅनर लागले, सत्कार झाले, नेते लोकांनी फोटो काढले, ते सगळं झालं. पण त्या रात्री बीडच्या रस्त्यावर आपणहून किती माणसं उतरली मला सांगा. मीबी नाही उतरलो, मोबाइलवर स्टेटस टाकला आन झोपलो. आन इथं आपण फिनलंडवाले नाचतात कामून विचारायलोत.

गुलमंडी_गँग

केजचे भाऊ, मुद्दा बरोबर आहे पण मॅच किती जणांनी बघितली? फायनल बघितल्याशिवाय अंगात येत नाही राव. स्टेटस वाचून कोण नाचतंय.

केजचा_गडी

मग बघितली कामून नाही तेच तर विचारायलोय ना.

नांदेडची_माई

लेकरांनो, तुमचं सगळं खरं, पण मला बाई गर्दी म्हटलं की धडकी भरती. ४ जून २०२५ ला बंगळुरूला स्टेडियमबाहेर ११ लेकरं चेंगरून गेली, तीबी जिंकल्याच्या आनंदातच गेली होती की. आमची पुतणी तिकडंच असती कामाला, त्या संध्याकाळी तिचा फोन लागंना, माझे हातपाय गळाले. परभणीच्या भाऊंना विचारते, तिकडं एवढी माणसं जमतात मग चेंगराचेंगरी होत नाही का? लहान लेकरं असतात का तिथं? आन त्या पाण्यानं आजारी पडत नाहीत का ते?

अजून एक, आपल्याकडंबी आइस हॉकी आहे, लडाखच्या पोरी खेळतात. २०२५ ला अल ऐनला आशिया कप झाला त्यात आपल्या बायकांच्या टीमनं ब्राँझ आणलं. लेहला हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर शिकायचं, बर्फ वितळला की सराव बंद. माझ्या लेकानं दाखवलं मला. आइस हॉकीवरच बोलायलात तर ह्या पोरींचं नाव कुणीच घेतलं नाही.

परभणीकर_सध्या_हेलसिंकी

माई, लाख बोललात. ब्राँझचं मलाबी माहीत नव्हतं, आन मी रोज हॉकीच्या देशात बसलोय.

गर्दीचं म्हणाल तर बाजार चौक मोकळा आहे, एका बाजूला समुद्र, बाकी बाजूंनी रस्ते, कुठूनबी निघता येतं. गेट नाही, पास नाही, आत सोडणार का नाही सोडणार ही भानगडच नाही. टीम त्या रात्री तिथं नसतेच, ती दुसऱ्या दिवशी येते, वेगळा कार्यक्रम असतो, म्हणून खेळाडूला बघायला एका दारावर लोंढा लोटत नाही. मला वाटतं अर्धं तिथंच सुटतं. लहान लेकरं संध्याकाळी असतात, रात्री उशिरा नाही, कारण मग दारूचा जोर असतो, ते काही बघण्यासारखं नसतं, खोटं कामून बोलू. काचा पडलेल्या असतात, पाय कापतात लोकांचे. आजारी पडत असतील पण सांगत नाहीत, रजा टाकली की सगळ्या ऑफिसला कळतंय कामून ते.

औसा रोडवाले, तुमची चकती. कडक रबराची असते, तीन इंच रुंद आन एक इंच जाड, मॅचच्या आधी गोठवून ठेवतात, नाहीतर चेंडूसारखी उसळते. तिला बघूच नका सुरुवातीला. खेळाडूंची तोंडं कुठं वळली ते बघा, चकती तिथंच असती. एका बाजूचे पाच जण आन एक गोलकीपर, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. पाऊण मिनिट खेळले की दमतात, मग चालू खेळातच कठडा ओलांडून दुसरे उतरतात, पंच थांबवत नाही. कुणी आगाऊपणा केला की दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात आन टीम एकानं कमी खेळते, त्या दोन मिनिटांत डोळे मिटू नका. २०२२ चा तो शेवटचा गोल असाच झाला, कॅनडाचा एक जण आत बसलेला.

औसा_रोड_लातूर

सगळ्यांचे आभार. दादांना लातवियाचं वाचून दाखवलं, म्हणाले "ब्राँझला सुट्टी? मग गोल्डला काय आठवडाभर का?" म्हणजे राग उतरला असं समजायचं. भाच्याला खांद्यावर चढू नको म्हणून कळवलं, त्यावर त्याचं उत्तर, "तो व्हिडिओ मी आलो त्याच्या आधीचा आहे मामा."

एकच राहिलं. जिंकल्यावर हे असं, मग हरल्यावर काय करतात?

परभणीकर_सध्या_हेलसिंकी

काही नाही, घरी जातात, सकाळी कामाला येतात. फक्त एक विषय काढायचा नाही. २००३ ला इथंच हेलसिंकीत क्वार्टर फायनल होती, स्वीडनवर ५-१ नं पुढं होते आन ६-५ नं हरले. मी नवीन असताना कॅन्टीनमधे सहज विचारलं होतं त्या मॅचबद्दल. टेबलावरचे तिघं एकदम बटाटे खायला लागले.