बदलापूरचं स्वतःचं घर की भांडुपला भाड्याने? हिशेब मांडलाय, मतं हवीत

कात्रपवासी:
२०१९ मध्ये आम्ही बदलापूर पूर्वेला वन बीएचके घेतला, कात्रपच्याही पुढे, स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरवर. हप्ता २२,४००, मेंटेनन्स २,२००. दोघांचा हातात येणारा पगार मिळून ९२,०००. मी परळला जातो, बायको घाटकोपरला. शनिवारीही दोघांना काम असतं, म्हणून महिन्याचे २५ दिवस धरतोय. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल.

भांडुप स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर एक वन बीएचके २७,००० भाड्याने मिळतोय, डिपॉझिट एक लाख. आमचं घर भाड्याने दिलं तर ९,००० येतील. म्हणजे दरमहा १८,००० जादा. इथवर सगळे नातेवाईक एकच सांगतात, "वेडा आहेस का? पास तीनशे-साडेतीनशेचा, आणि भाडं सत्तावीस हजार!"

पण मी दोन महिने डायरीत प्रत्येक रुपया लिहिला. दोघांचे पास मिळून सातशेच्या आत बसतात, हे खरं आहे. घर ते स्टेशन शेअर रिक्षाचे माणशी २० रुपये. दोघांच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे तिथेच २,००० गेले. रात्री उशीर झाला की शेअर मिळत नाही, अख्खी रिक्षा करावी लागते, त्याचे ५०० धरा. घाटकोपरला बायकोचे शेअर रिक्षाचे ७५०. म्हणजे साठ किलोमीटर ट्रेनने जायला जेवढे लागतात, त्याच्या साडेचार पट पैसे दोन्ही टोकांच्या पाच-सहा किलोमीटरला लागतात. शिवाय पाळणाघर साडेपाचपर्यंतचं आहे. आठपर्यंत मुलीला ठेवायचे २,५०० वेगळे.

सगळं मिळून ६,४५०. भांडुपला हाच खर्च १,१५० वर येतो. म्हणजे ५,३०० वाचतात आणि खरा फरक १२,७०० चा उरतो. दारापासून दारापर्यंत मला आता एका बाजूला १ तास ५५ मिनिटं लागतात, तिथून ५५. बायकोला १ तास ३५ ऐवजी ३५. दोघांचे मिळून महिन्याला शंभर तास वाचतात. तास सव्वाशे रुपयांना पडला. मला तो स्वस्त वाटतोय. चुकतोय का?

हिशेबी:
चुकताय, आणि एवढा नीट हिशेब करून चुकताय म्हणून जास्त वाईट वाटतंय. तासाला सव्वाशे हा भाव कागदावरचा आहे. ते शंभर तास तुम्ही कुणाला विकणार नाही, पण १२,७०० रुपये मात्र दर महिन्याला रोख जाणार आहेत.

शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास हे खर्च एकत्र मोजायची पद्धत रूढ केली. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावेत असं त्यांचं माप. ते माप तुम्हाला लावून बघितलं. बदलापूरला हप्ता, मेंटेनन्स, प्रवास मिळून २८,५५०, म्हणजे ३१ टक्के. भांडुपला ४३,७५०, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्क्यांच्या वर. अजून शाळेची फी यायची आहे. एकाची नोकरी गेली तर बदलापूरचा गाडा एका पगारावर कसाबसा चालेल, भांडुपचा दोन महिन्यांत थांबेल.

लेडीज-डबा:
हिशेबी, तुमचं माप अमेरिकेतल्या गाडीवाल्यांसाठी ठीक आहे. तिकडे लांब राहायला गेलं की गाडी, पेट्रोल, विमा सगळं वाढतं, म्हणून लांब राहण्याची किंमत पैशात दिसते. आपल्याकडे लोकलचा पास इतका स्वस्त आहे की ती किंमत पैशात दिसतच नाही, ती शरीरातून वसूल होते. मी अंबरनाथहून सोळा वर्षं जाते-येते. बसायला जागा हवी म्हणून सकाळी उलटी बदलापूरला जाऊन तीच गाडी धरून परत येते. त्यात रोजची पंचवीस मिनिटं जातात. ती कुठल्या टक्क्यात धरायची?

आणि ९ जून २०२५ विसरलात का? मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यातली काही जिवानिशी गेली. ती हौस म्हणून दारात उभी नव्हती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवसापासून नवरा "पोचलो" असा मेसेज करेपर्यंत माझा जीव खालीवर होतो.

अकरा-महिने:
दुसरी बाजू मी भोगली आहे, म्हणून लिहितो. ऑफिसजवळ राहायचं म्हणून आम्ही मुलुंड-नाहूर भागात आठ वर्षं भाड्याने काढली. आठ वर्षांत चार घरं. प्रत्येक वेळी ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, रंगाचे पैसे कापून परत मिळालेलं डिपॉझिट, गॅस आणि बँकेचे पत्ते बदलणं. एका घरमालकाने मुलाच्या वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात घर रिकामं करायला सांगितलं.

कात्रपवासी, तुमच्या हिशेबात २७,००० हा आकडा स्थिर आहे. तो राहणार नाही. करार संपला की दहा टक्के वाढ मागतात. दोनदा वाढलं की ३२,६७०. बदलापूरचं भाडं मात्र तिकडे इतकी नवी बांधकामं आहेत की त्या वेगाने चढणार नाही. शेवटी आम्ही टिटवाळ्याला घर घेतलं. प्रवास आहे, थकायला होतं. पण भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही, आणि मुलगा चौथीपासून एकाच शाळेत आहे.

लालबागचा-जुना:
तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की घरातून निघायचे आणि पायी पोचायचे. खोली दहा बाय बाराची, माणसं सात, आणि प्रवासखर्च शून्य. जेवायची सुट्टी झाली की कधी कधी घरी येऊन जेवून जायचे. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, तो मिटलाच नाही. वडिलांनी पागडीची खोली देऊन टाकली आणि आम्ही डोंबिवलीला आलो. घर तिप्पट झालं, आईला पहिल्यांदा वेगळं स्वयंपाकघर मिळालं. आणि मला पुढे पस्तीस वर्षं फोर्टला जायला ७:५२ ची गाडी मिळाली.

आता पारड्यात काय टाकायचं ते तुम्ही बघा. मला आठवतं ते एवढंच, की वडील मला रोज संध्याकाळी दिसायचे, आणि मी माझ्या मुलांना रविवारी दिसायचो. भांडुपला जा.

हिशेबी:
काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. तुमच्या वडिलांची खोली नियंत्रित भाड्याची होती. आज नव्याने घर शोधणाऱ्याला तो पर्याय जवळजवळ नाहीच. आज गिरण्यांच्या जागेवर टॉवर आहेत, तिथे काम करणारा अकाउंटंट आणि शिपाई दोघेही बदलापूर-विरारहून येतात. जवळ राहणं ही तेव्हा कामगाराची सोय होती, आता ती विकत घ्यावी लागते. आणि कर्ज चालू असताना ती विकत घेणं मला धोक्याचं वाटतं.

वाघोली-हिंजवडी:
पुण्याहून एक वेगळी गोष्ट. इथे लोकलच्या पासासारखा आधार नाही, त्यामुळे स्वस्त घराचा फायदा पेट्रोलपंपावर संपतो. वाघोलीत भाडं कमी म्हणून राहिलो, ऑफिस हिंजवडीला. रोजचे साठ किलोमीटर. बाईकवर महिन्याला ३,३०० च्या वर पेट्रोल, वर सर्व्हिसिंग आणि टायर. पाठदुखी सुरू झाल्यावर कार काढली, तर नुसतं पेट्रोल बारा हजारांच्या पुढे गेलं. वाकडला राहायला आलो तेव्हा भाडं ८,००० ने वाढलं, तरी एकूण खर्च कमी झाला. बदलापूरला हे गणित बसणार नाही हे कबूल, पण "लांब म्हणजे स्वस्त" हे सगळीकडे खरं धरू नका.

लेडीज-डबा:
कात्रपवासी, तुमच्याच डायरीत एक तिसरी वाट आहे, ती तुम्ही बघितली नाहीत. तुमचा सगळ्यात महाग प्रवास घर ते स्टेशन हा आहे. मग बदलापूरातच स्टेशनजवळ, चालत जाता येईल असं घर भाड्याने का नाही बघत? समजा १२,५०० ला मिळालं. तुमचं ९,००० ला गेलं तर फरक साडेतीन हजारांचा. रिक्षाचे अडीच हजार वाचले. हजार रुपयांत दोघांचा रोजचा अर्धा-अर्धा तास सुटतो, रात्रीच्या रिक्षाची चिंता जाते, मुलीची शाळा बदलत नाही. पाळणाघरही कदाचित सातपर्यंतच लागेल. भांडुपएवढं सुख नाही हे मान्य, पण ४७ टक्केही नाहीत.

अकरा-महिने:
याला माझा पाठिंबा. भाडेकरूपण येईलच, पण घर रिकामं करायची वेळ आली तर परत जायला आपलं छप्पर तीन किलोमीटरवर असेल. आमच्याकडे ते नव्हतं.

लालबागचा-जुना:
अर्ध्या तासाने काय होणार? पोरगी झोपायच्या आत बाप घरी पोचतो का, तेवढं सांगा.

कात्रपवासी:
काका, आत्ता पोचतो तेव्हा साडेनऊ झालेले असतात, ती नऊला झोपते. तो अर्धा तास जाऊन-येऊन मिळून आहे, म्हणजे संध्याकाळी पाव तास वाचून सव्वानऊ होतील. भांडुपला साडेआठ.

हा धागा काल रात्री बायकोला वाचायला दिला. तिने डायरी मागून घेतली आणि मी न लिहिलेली एक गोष्ट लिहिली. ती गेले वर्षभर घाटकोपरला बढती नाकारते आहे, कारण त्या जागेवर सातपर्यंत थांबावं लागतं आणि पाळणाघर आठला बंद होतं. पगार ६,००० ने वाढला असता. हे तिने मला सांगितलंच नव्हतं. भांडुपहून ते जमेल, बदलापूर स्टेशनजवळून जमणार नाही. म्हणजे १२,७०० मधून तेही वजा करायचं का? ती म्हणते, बढतीची जागा अजून रिकामी आहे का ते सोमवारी विचारते, मग करा वजा.

हिशेबी, तुमचा नोकरी जाण्याचा मुद्दा डोक्यातून जात नाही. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नसतील तर भांडुप नाही, हे आम्ही ठरवलं आहे. आत्ता चार महिन्यांचे आहेत. रविवारी सकाळी भांडुपचं घर बघतोय आणि दुपारी बदलापूर पश्चिमेला स्टेशनजवळची दोन. शाळेचा प्रवेश एप्रिलच्या आधी ठरवावा लागेल.