सॉक.कल्चर.इंडियन.मराठी : जुना न्यूजग्रुप आता वाचायचा कसा?

पानगळ: १९९० च्या दशकातली सॉक.कल्चर.इंडियन.मराठीवरची चर्चा वाचायची आहे. गूगल ग्रुप्सवर पान उघडतं, पण २०२४ नंतरचं काही दिसत नाही आणि उत्तरही देता येत नाही. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये न्यूजग्रुप घेता येतात म्हणे. सर्व्हर कुठला टाकू?

तारायंत्र: ही दोन वेगळी कामं आहेत. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटशी (न्यूजग्रुप ज्यावर चालतात ते सर्व्हरांचं जाळं) देवाणघेवाण थांबवली. त्यांच्याकडे त्याआधीचा साठा तेवढा शोधता येतो. म्हणजे जुनं वाचायला गूगल ग्रुप्स, चालू वाचायला आणि लिहायला न्यूज सर्व्हर.

मजकुरासाठी इटर्नल सप्टेंबर हा न्यूज सर्व्हर पुरतो. फुकट आहे, फोटो-फायलींचे ग्रुप ठेवत नाही, आणि तेच बरं. त्यांच्या साइटवर आधी नोंदणी करा. मग थंडरबर्डमध्ये नवीन खातं घेताना 'न्यूजग्रुप' निवडा, ईमेल नव्हे. सर्व्हर: न्यूज डॉट इटर्नल-सप्टेंबर डॉट ऑर्ग, दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ. सर्व्हर सेटिंग्जमध्ये सुरक्षा एसएसएल/टीएलएस, पोर्ट ५६३. ११९ सुद्धा चालतो, पण त्यावर पासवर्ड उघडा जाऊ शकतो.

तिथेच खाली 'जोडताना नेहमी ओळख विचारा' अशा अर्थाची चौकट असते, तिच्यावर खूण करा. बहुतेक जण इथेच अडतात. खूण नसेल तर थंडरबर्ड आपणहून नाव-पासवर्ड पाठवत नाही. मग ग्रुपची यादी रिकामी येते किंवा ४८० आकडा दिसतो. ४८१ आला तर पासवर्ड चुकलाय. ४११ म्हणजे त्या नावाचा ग्रुप त्या सर्व्हरवर नाही.

खात्यावर राइट-क्लिक, सबस्क्राइब, यादी पूर्ण उतरू द्या, मग वरच्या चौकटीत नाव टाका. ग्रुप पहिल्यांदा उघडताना मथळे ५०० पेक्षा जास्त असतील तर किती उतरवायचे ते विचारतो. ५०० च घ्या, बाकीचे नंतर मागवता येतात.

पानगळ: यादी आली, आभार! जुन्या साठ्यात 'ज्ञानेश्वरी' शोधलं तर एकही धागा सापडत नाही.

मोडीलिपी: देवनागरीत शोधू नका. युनिकोड रुळण्याआधीचं हे लेखन आहे, जवळजवळ सगळं रोमन अक्षरांत, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. 'ज्ञ' कुणी जे-एन, कुणी डी-एन-वाय, तर कुणी सरळ जी-वाय असा लिहायचा. तिन्ही तऱ्हांनी शोधा. आयट्रान्स (भारतीय लिप्या रोमन अक्षरांत लिहायची एक पद्धत) वापरणाऱ्यांनी 'ण' साठी मोठा एन आणि 'ळ' साठी मोठा एल वापरलेला दिसेल. शब्दाच्या मध्येच मोठं अक्षर आलं तर ती टायपिंगची चूक समजू नका. वाचताना तेच उपयोगी पडतं, 'वेळ' आणि 'वेल' त्यावरूनच कळतात.

तारायंत्र: लिहिण्याआधी एवढं करा. खात्याच्या सेटिंग्जमध्ये एचटीएमएल बंद, साधा मजकूर चालू, एन्कोडिंग यूटीएफ-८. नाहीतर देवनागरीऐवजी समोरच्याला प्रश्नचिन्हं दिसतात. ईमेलच्या जागी खरा पत्ता देऊ नका: पोस्ट जगभरच्या सर्व्हरांवर जाते, एकदा गेलेली परत खात्रीने काढता येत नाही, आणि स्पॅमवाले पत्ते तिथूनच उचलतात. शेवटी 'डॉट इनव्हॅलिड' असलेला पत्ता लिहा. ती अक्षरं खऱ्या पत्त्यात कधीच येणार नाहीत म्हणून राखून ठेवलेली आहेत. पहिली पोस्ट मिस्क.टेस्ट या ग्रुपवर टाकून पाहा.

उत्तर देताना मूळ मजकुरातलं लागेल तेवढंच ठेवा आणि आपलं म्हणणं त्याच्या खाली लिहा. वर लिहिलेलं तिथे खपत नाही.

मोडीलिपी: आणि मराठी ग्रुपवर नवीन काही येत नसेल तर सेटिंग बिघडलंय असं लगेच समजू नका. कॉम्प.लँग.सी हा सी प्रोग्रॅमिंग भाषेचा ग्रुप उघडून बघा. तिथे ताज्या पोस्टी आल्या तर तुमची जोडणी ठीक आहे.